आबांची मंजुरी

माझा निवृत्तीचा अर्ज आबांनी एका मिनिटात मंजूर केला. एवढी घाई त्यांनी जिवंतपणी कधी केली नव्हती, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

आबा म्हणजे आमच्या कंपनीचे संस्थापक. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण आमच्या सिस्टिममध्ये ते अजून आहेत, आणि कंपनीतला कुठलाही महत्त्वाचा प्रस्ताव शेवटी त्यांच्याच लॉगिनवर जातो. तिथे 'मंजूर', 'नामंजूर' आणि 'बघू' अशी बटणं आहेत. 'बघू'चं बटण मी खास आबांसाठी करून घेतलं होतं, कारण 'नामंजूर' दाबणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आबा होते तोवर ते स्वतः बटण दाबायचे. आता मी दाबतो. यात गुपित वगैरे काही नाही. रखवालदारापासून थोरल्या शेठपर्यंत हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त कुणी बोलून दाखवत नाही.

आमची कंपनी शिड्या बनवते. रंगाऱ्यांच्या, वायरमनच्या, घडीच्या, ग्रंथालयातल्या, सगळ्या. शिड्यांच्या कंपनीला आयटी मॅनेजर कशाला लागतो, असं माझ्या सासऱ्यांनी लग्नाच्या बोलणीत विचारलं होतं. मी काहीतरी ठोकून दिलं. मी लागलो तेव्हा कंपनीत एकच कॉम्प्युटर होता. त्याला स्वतंत्र काचेची खोली होती आणि आत जाताना आबासुद्धा चपला बाहेर काढायचे. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "शिडीवर चढता येतं का?" मी हो म्हणालो. "बरं," ते म्हणाले, आणि मी कामाला लागलो. पुढे केबल ओढायला मला आयुष्यभर शिडीवरच चढावं लागलं, तेव्हा प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता.

आबांचा स्वभाव सरळ होता. होकार द्यायचा असेल तर "बरं", नकार द्यायचा असेल तर "बघू". कंपनी सोडून जायची भाषा कुणी केली की हमखास "बघू". आमचे जुने स्टोअरकीपर निवृत्तीचा अर्ज घेऊन गेले, आबा "बघू" म्हणाले, आणि स्टोअरकीपर शेवटच्या आजारापर्यंत रोज सकाळी कामावर येत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आबांना पुन्हा विचारायची हिंमत कुणातच नव्हती.

मग आबा गेले. त्यांचे दोन मुलगे, आमचे थोरले शेठ आणि धाकटे शेठ, त्यांच्या केबिनमध्ये आले. मी तिथे टेबलाखाली होतो, वायर बदलत. त्यामुळे पुढचं सगळं मी गुडघ्यांच्या उंचीवरून पाहिलं.

"दादा, तू बस," धाकटे खुर्चीकडे हात करून म्हणाले.

"छे छे, तू बस. आबांचा जीव तुझ्यावर होता."

"मोठा तू आहेस."

"मोठा आहे म्हणूनच तर म्हणतोय. मी तुझ्यासाठी एवढं सोडू शकत नाही का?"

"सोडतोस? म्हणजे मी काय तुझ्या उपकाराच्या खुर्चीवर बसायचं?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत आवाज चढले होते. संध्याकाळी दोघांनी एकमेकांचं तोंड पाहणार नाही असं जाहीर केलं. लोक खुर्ची मिळवण्यासाठी भांडतात. आमच्याकडे ती एकमेकांना देण्यासाठी भांडले, आणि त्या दिवसापासून भावाभावांत अबोला. दुसऱ्या दिवशी थोरले माझ्याकडे आले. "तोपर्यंत आबांच्याच नावावर चालू राहू दे," म्हणाले. दुपारी धाकटे आले आणि तेच म्हणाले. 'तोपर्यंत' म्हणजे कधीपर्यंत ते दोघांनीही सांगितलं नाही आणि मेलेला माणूस मंजुरी कशी देणार हेही विचारलं नाही. "तुम्ही बघून घ्या," एवढंच. मी बघून घेतलं. माझं सगळं आयुष्य या तीन शब्दांत गेलं आहे.

काम तसं अवघड नव्हतं. प्रस्ताव आला की मी आबांच्या केबिनमध्ये जायचो, खुर्ची बाजूला सरकवून उभ्याउभ्याच मशीन उघडायचो आणि आबा काय म्हणाले असते याचा विचार करायचो. थोरल्यांना सगळ्या शिड्या गुलाबी करायच्या होत्या. बघू. धाकट्यांना खिशात मावणारी शिडी काढायची होती. बघू. दोघांनीही निमूट ऐकलं. माझं त्यांनी कधी ऐकलं नसतं. प्रिंटरमध्ये कागद उलटा घालू नका, एवढी साधी गोष्टही त्यांनी माझी ऐकलेली नाही.

चुका झाल्या, नाही कशाला म्हणू? एकदा मला सणसणीत ताप होता. थोरल्यांनी कँटीन बंद करायचा प्रस्ताव पाठवला होता आणि धाकट्यांनी कँटीन वाढवायचा. तापाच्या ग्लानीत आबांनी दोन्ही मंजूर केले. आबांचा शब्द मोडायचा कसा? मग कँटीन आधी मोठं केलं आणि नंतर बंद केलं. आजही ते आहे, लांबरुंद, नव्या फरश्यांचं, कुलूप लावलेलं. आम्ही सगळे त्याच्या पायऱ्यांवर बसून डबे खातो.

थोरल्यांची सून परदेशात शिकून आली आणि कर्मचारी विभाग बघायला लागली, तेव्हा मला आशा वाटली होती की हा प्रकार आता थांबेल. तिला सगळी कंपनी सूनबाईच म्हणते, अगदी ट्रकवालेसुद्धा. पहिल्या आठवड्यात तिने मला विचारलं, "कॉम्प्युटरकाका, हे लॉगिन कुणाचं? हे गृहस्थ तर वारलेत ना?" मी हो म्हणालो. ती खूप हसली, मग खूप चिडली, मग घरी जाऊन सासऱ्यांशी बोलली. दुसऱ्या दिवशी गप्प होती. आणि पुढे नियम करायची वेळ आली तेव्हा तिने सगळ्यांसाठी केलेले नियम आबांनाही लावले, कारण तिच्या मते लॉगिन आहे म्हणजे माणूस आहे. आबांना ठरावीक काळाने पासवर्ड बदलावा लागायचा. आबांना 'शिडीचा सुरक्षित वापर' हे प्रशिक्षण घ्यावं लागलं. परीक्षा मीच दिली, घाईघाईत, आणि आबा नापास झाले. ज्या माणसाने शिड्यांचा धंदा उभा केला त्याला शिडीच्या पेपरात नापास केल्याची मला फार लाज वाटली. आबांना पुन्हा बसवलं.

पण काही वर्षांनी त्याच सूनबाईने बाळंतपणाची रजा मागितली. मी आबांतर्फे 'मंजूर' दाबलं आणि खाली शेऱ्यात 'बरं. जप' असं लिहिलं. ती खाली माझ्या खोलीत आली, डोळे पुसत. "आबांना थँक्यू सांगा," म्हणाली. मी सांगतो म्हणालो. आता यावर काय बोलणार?

तर निवृत्ती. माझं वय झालं होतं, गुडघे गेले होते, आणि मुख्य म्हणजे लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. लेक दुसऱ्या गावात असते. बायको आयुष्यभर रुग्णालयात नर्स होती. ती माझ्या आधीच निवृत्त झाली आणि तिला कुणी "बघू" म्हणालं नाही. शनिवारी सकाळच्या बसची दोन तिकिटं तिने काढून ठेवली होती.

"लेकीच्या बारशाला तुम्ही नव्हता," ती म्हणाली.

"सर्व्हर बंद पडला होता."

"तिच्या लग्नात जेवणाच्या पंगतीतून उठून गेलात."

"धाकट्या शेठचा पासवर्ड..."

"यावेळी तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन, आणि परत यायचं की नाही ते तिकडे बसून ठरवीन. त्या मेलेल्या माणसाबरोबर संसार करा मग." आवाज चढवला नाही तिने. इंजेक्शन देताना बोलायची त्याच आवाजात बोलली. मला घाम फुटला. ती बोलते तसं करते, हे मला चांगलं ठाऊक आहे.

म्हणून अर्ज केला. तो थोरल्यांकडून धाकट्यांकडे आणि धाकट्यांकडून आबांकडे गेला. दोघा भावांनी 'आबा म्हणतील तसं' असा शेरा मारून पुढे ढकलला होता. मी वर गेलो, खुर्ची सरकवली आणि 'मंजूर' दाबलं. इतकं हलकं वाटलं की जिना उतरताना मी शीळ घालत होतो.

खोलीत पोचतो न पोचतो तोच माझ्या मशीनवर तक्रार येऊन पडली. तक्रारदार थोरले शेठ. मजकूर: 'आबांचं मशीन बिघडलं आहे. तातडीने तपासावे.'

तक्रारी तपासायचं काम माझं. मी वर गेलो, मशीन तपासलं, खाली आलो आणि उत्तर लिहिलं: 'मशीन ठीक आहे.' लगेच दुसरी तक्रार, यावेळी धाकट्यांची. 'मशीन ठीक असेल तर आबांनी असं कसं केलं?'

मी थोरल्यांच्या केबिनमध्ये गेलो. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"शेठ, आबांनी माझा अर्ज मंजूर केलाय."

"नाही हो. आबा कुणाला असं सोडत नसत. तेही तुम्हाला? आणि एका मिनिटात? त्यांनी विचार केला असता, पाणी मागवलं असतं. काहीतरी तांत्रिक गडबड आहे. तुम्हीच बघा ना, तुमचंच खातं आहे."

"मी बघितलं."

"परत बघा."

धाकट्यांकडे गेलो. त्यांच्याकडे वेगळीच तऱ्हा. त्यांनी आबांचे जुने शेरे छापून टेबलावर पसरले होते. "हे पाहा," म्हणाले, "आबा नुसतं 'मंजूर' कधी दाबत नाहीत. खाली 'बरं' असतं. इथे 'बरं' नाही."

मला वाटलं, एवढंच ना? मी अर्ज परत पाठवायला लावला आणि यावेळी आबांतर्फे सगळं नीट केलं. थोडा वेळ जाऊ दिला. पाणीसुद्धा मागवलं आणि प्यायलो. मग 'मंजूर' दाबलं आणि खाली लिहिलं, 'बरं. चांगलं काम केलंस. लेकीकडे जा.' आबांनी मला असं काही तोंडावर कधीच म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं तेही मीच.

त्या दुपारी आमच्या कंपनीत जे घडलं त्याने सगळा मजला उभा राहिला. थोरले शेठ आपल्या केबिनमधून बाहेर आले, धाकटे आपल्या. दोघांच्याही हातात त्या शेऱ्याचा कागद. मधल्या जागेत, झेरॉक्स मशीनपाशी, दोघं समोरासमोर आले.

"दादा," धाकटे म्हणाले, "तुला काय वाटतं?"

इतक्या वर्षांनी! टायपिस्ट बाईंनी तोंडाला रुमाल लावला. हिशेबनीस खुर्ची धरून उभे राहिले.

"हे आबांचं नाही," थोरले म्हणाले. "आबा 'चांगलं काम केलंस' म्हणतील? आपल्याला कधी म्हणाले?"

"कधीच नाही."

"मग यांना कसे म्हणतील?"

"तेच तर!"

आणि दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून सूनबाईच्या केबिनमध्ये गेले. दोघांनी मिळून काही करण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते काय, तर मला अडकवणं. मी आनंदाने रडावं की कपाळ बडवावं, मला कळेना. दोन्ही थोडंथोडं केलं.

सूनबाई बिचारी कात्रीत सापडली. "कॉम्प्युटरकाका," ती मला म्हणाली, "नियमाप्रमाणे आबांची मंजुरी आली आहे. पण दोन्ही संचालकांना ती आबांची वाटत नाही. अशा वेळी आबांकडूनच खुलासा मागवावा लागतो."

"सूनबाई, तुला तरी कळतंय का तू काय बोलतेस?"

"कळतंय हो," ती म्हणाली आणि मान खाली घातली. "पण बाबा सकाळपासून जेवले नाहीत. निरोप समारंभ उद्या चारला ठरलाय तो करू. तोवर काहीतरी निघेल मार्ग. काकूंनाही आणा."

उद्या म्हणजे शुक्रवार. शनिवारी सकाळी बस. खुलासा मी लिहिला असता हो, पण तो आबांचा वाटला नसता तर त्याचा खुलासा, मग त्याचा. मी घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझी बॅग भरून दाराशी ठेवली. तिची शेजारी ठेवली. मग दोन्ही बॅगांच्या मधे थोडं अंतर सोडलं.

शुक्रवारी चारला मीटिंगच्या खोलीत सगळे जमले. चहा होता, बिस्किटं होती, टेबलावर फुलांचा गुच्छ. बायको ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर धरून बसली. या कंपनीत ती पहिल्यांदाच आली होती. इतकी वर्षं ज्या जागेवरून तिने माझ्याशी भांडण काढलं ती जागा ती जरा निराश होऊनच बघत होती.

थोरले बोलायला उठले. "आज आपण ज्या प्रसंगी जमलो आहोत," म्हणाले, आणि पुढे आबांवरच बोलले. आबा कसे पहाटे यायचे, आबा प्रत्येक शिडीवर स्वतः चढून बघायचे. धाकटे उठले. तेही आबांवर बोलले. माझं नाव एकदा आलं, तेही टेबलाखाली वायर बदलणारा म्हणून. टाळ्या झाल्या. मग थोरल्यांनी घसा साफ केला.

"आबांचा निर्णय अजून स्पष्ट झालेला नाही. तेव्हा आजचा हा निरोप आपण तात्पुरता समजू या. सोमवारी कॉम्प्युटरकाका नेहमीप्रमाणे..."

मी बायकोकडे पाहिलं. तिने पर्स उघडली, दोन तिकिटांपैकी एक काढलं, शेजारी माझ्यासाठी राखलेल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं आणि पर्स बंद केली.

मग माझा तोल सुटला. इतक्या वर्षांत मी त्या कंपनीत आवाज चढवला नव्हता. यंत्रं चालवणाऱ्या माणसाने चढवू नये, यंत्रं बिघडतात. पण मी ओरडलो.

"अहो, आबा म्हणजे मी! मी! मीच बटण दाबतो! गुलाबी शिड्यांना मी नाही म्हणालो! कँटीन मी बंद केलं आणि मीच वाढवलं! आबा गेलेत, शेठ! तुमच्यासमोर नेलं त्यांना!"

हिशेबनिसांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. थोरल्यांचा चेहरा असा झाला की मला तत्क्षणी वाईट वाटलं.

"माहीत आहे," धाकटे हळूच म्हणाले. "आम्हाला काय माहीत नाही का? पण असं बोलायचं नसतं हो."

"मग मला जाऊ का देत नाही?"

"तुम्ही गेलात की 'बघू' कोण म्हणणार?" थोरले म्हणाले. पन्नाशी उलटलेला माणूस, शाळेत पहिल्या दिवशी सोडलेल्या पोरासारखा उभा होता. "आबा गेले तेव्हा आम्हाला रडायलाही सवड मिळाली नाही. खुर्चीचं सुरू झालं. मग तुम्ही पहिली मंजुरी पाठवलीत. मला वाटलं, चला, आहेत. अजून आहेत. उद्या तुमच्या जागी दुसरा कुणी येईल, त्याने आबांना कधी पाहिलेलंही नसेल. तो काय म्हणेल ते आबांचं कसं असेल? तुम्ही गेलात म्हणजे ते गेलेच ना."

खरं सांगायचं तर आतून गलबलून आलं. मी यंत्र सांभाळतोय असं समजत होतो, आणि इकडे दोन म्हातारे होत चाललेले मुलगे माझ्या भरवशावर बाप जिवंत ठेवून बसले होते.

सूनबाई पुढे आली. ती नेहमी नियमाचा आधार घेते, आणि त्या दिवशी तो उपयोगी पडला. "बाबा, काका," ती सासऱ्यांना आणि चुलतसासऱ्यांना म्हणाली, "कॉम्प्युटरकाकांच्या आधी आबांना निवृत्त करावं लागेल. त्यांचं खातं बंद करू. म्हणजे त्यांच्या मंजुरीचा प्रश्नच उरणार नाही."

थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकट्यांनी मान हलवली.

आम्ही सगळे आबांच्या केबिनमध्ये गेलो. बायकोही मागून आली. मी मशीन उघडलं, खात्याच्या पानावर गेलो आणि बाजूला झालो. पडद्यावर पाटी आली: 'हे खातं कायमचं बंद करायचं आहे का? परत उघडता येणार नाही.' खाली 'हो' आणि 'नाही'.

"दादा, तू दाब," धाकटे म्हणाले.

"नाही रे, तू दाब. तू लाडका होतास."

"पण मोठा तू. हक्क तुझा."

"मी हक्क सोडला असं समज."

"सोडलास? पुन्हा सोडलास?" धाकट्यांचा आवाज चढला. "प्रत्येक वेळी तूच मोठेपणा घ्यायचा?"

पुढची काही वर्षं मला समोर दिसायला लागली: पुन्हा अबोला, पुन्हा तोपर्यंत, आणि मी त्या खुर्चीच्या बाजूला उभा. "थांबा!" मी म्हणालो. "मी दाबतो. बटणं दाबायचं काम माझंच आहे."

दोघं मागे सरकले. मी माऊसवर हात ठेवला. बाण 'हो'वर नेला.

आणि बोट हलेना.

अगदी शपथेवर सांगतो, हलेना. त्या बटणाने मी हजार गोष्टी मंजूर केल्या असतील. पण त्या पाटीवर आबांचं नाव होतं, आणि मला काचेची खोली आठवली, तिच्या बाहेर काढून ठेवलेल्या त्यांच्या झिजलेल्या चपला आठवल्या. मी उभ्याउभ्या वर्षानुवर्षं त्या माणसाशी बोलत होतो. आबा, हे करू का? आबा, हे बरं दिसेल का? लेकीच्या लग्नाचंही त्यांनाच आधी विचारलं होतं. माझ्या बापाशी मी इतका बोललो नाही. मला घरी जायचं होतं, लेकीकडे जायचं होतं, बस सकाळी होती, आणि मी तिथे माऊस धरून खांबासारखा उभा होतो.

"काय झालं?" बायको मागून म्हणाली.

"काही नाही. एक मिनिट."

"तुमची मिनिटं मला माहीत आहेत." ती थोरल्यांना आणि धाकट्यांना बाजूला सारत पुढे आली. चष्मा लावला. पाटी वाचली, ओठ हलवत, शांतपणे. मग माझा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला, पेशंटचा हात चादरीवर ठेवतात तितक्याच हलक्या हाताने. आणि दाबलं.

पडदा काळा झाला. मशीन थोडं घरघरलं आणि थांबलं. त्या केबिनमध्ये पंख्याचा तो बारीक आवाज इतकी वर्षं चालू होता की तो आहे हेच आम्ही विसरलो होतो. बायकोने सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वेळ मनाशी नोंदवली.

"आबा गेले रे!" थोरल्यांनी हंबरडा फोडला आणि ते मागे कोसळले, ते नेमके आबांच्या खुर्चीत. धाकटे खाली बसले, भावाच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊ लागले. दारात सूनबाई रडत होती. मीही रडत होतो. लपवायचं कशाला, सगळ्यांत मोठ्याने मीच रडत होतो.

बायको वाकली आणि थोरल्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"त्रास नाही हो झाला त्यांना," ती म्हणाली. "अगदी शांतपणे गेले."

थोरल्यांनी ओले डोळे वर केले. "नक्की?"

"मी होते ना शेवटपर्यंत जवळ."

"काही म्हणाले का?" धाकट्यांनी विचारलं.

बायकोने जरा विचार केला. तिने असल्या प्रश्नांना जन्मभर उत्तरं दिली आहेत.

"चांगलं काम केलंत म्हणाले. दोघांनाही."

दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. इतकं रडू त्या इमारतीत कधी झालं नसेल. बायकोने टेबलावरच्या डब्यातले कागदी रुमाल सगळ्यांना वाटले, मला दोन दिले, आणि माझा दंड धरून दाराकडे वळवलं.

"काकू, थांबा ना," सूनबाई म्हणाली. "तो गुच्छ तरी..."

"यांना ठेवा," बायको म्हणाली आणि काळ्या पडद्याकडे मान केली. "आम्ही जातो."

"येतो म्हणा हो, काकू!" धाकटे रडतारडताच ओरडले. "जातो नका म्हणू! येतो म्हणा!"

बायको उंबऱ्यावर थांबली, वळली आणि तिने त्या दोघांकडे फार मायेने पाहिलं.

"जातो," ती म्हणाली.